उजव्या मनगटावरचा पट्टा

माझ्या चौदा म्हाताऱ्या माणसांमध्ये सगळ्यात जास्त चालणारी आजी मराठी होती, याचा मला कोण अभिमान होता. बाकीचे तेरा म्हणजे पहाटे उठून बाजारातून मासळी निवडून आणणारे चिनी अंकल, नातवंडांच्या मागे धावणाऱ्या मलय मकचिक, म्हणजे मावश्या, बागेत हात फिरवत व्यायाम करणारी मंडळी. आणि त्या सगळ्यांच्या वर, यादीत पहिल्या नंबरावर, नवव्या मजल्यावर राहणाऱ्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आमच्या आजी. दिवसाला चार हजार पावलं, कधी सहा हजार. तो आकडा मी केंद्रात सगळ्यांना दाखवत सुटले होते. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

मी आधी वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना दाखवून त्यांचा दिवस खराब करायचा, हे काम मी वीस वर्षं मन लावून केलं. पन्नाशीला कंपनीने माझी जागाच बंद केली. घरी बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून मी आमच्या भागातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात अर्धवेळ काम धरलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, रक्तदाब घ्यायचा, औषधं वेळेवर घेतात का बघायचं, काही प्रश्न विचारायचे आणि सगळं फोनवरच्या ॲपमध्ये भरायचं. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा. पट्ट्यावर घड्याळासारखं काही दिसत नाही, नुसतं राखाडी रबर. दिवसभरात किती पावलं झाली तो आकडा माझ्या फोनवर येतो, आणि त्यावरून माणसाच्या नावापुढे ठिपका उमटतो. हिरवा असेल तर आठवड्यातून एक फोन आणि महिन्यातून एक फेरी. पिवळा झाला की लगेच जायचं. लाल झाला की नर्सला त्याच दिवशी कळवायचं. घरच्यांच्या फोनवरही तोच रंग दिसतो.

वाटतं तितकं हे सोपं नाही. पट्टा फोनशी बोलायचं मध्येच थांबवतो. फोन पासवर्ड विसरला म्हणून माझ्यावरच रागावतो. प्रश्न चार भाषांत असतात, त्यात मराठी नाही, म्हणून आजींपुढे बसून मी मनातल्या मनात भाषांतर करायची. पहिल्याच भेटीत एक प्रश्न होता, गेल्या आठवड्यात एकटं वाटलं का. उत्तरं तीन: कधीच नाही, कधीकधी, नेहमी.

"एकटं म्हणजे?" आजी म्हणाल्या. "घरात सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत कोणी नसतं. त्याला म्हणतेस का?"

"नाही आजी, वाटतं का, असं विचारलंय."

"कोणी नसलं तर काय वाटणार? शांत वाटतं." मग जरा वेळाने, "आणि पन्नाशीची बाई तू, मला आजी काय म्हणतेस?"

मी 'कधीकधी' वर बोट ठेवलं आणि पुढे गेले. ते बरोबर होतं का, मला माहीत नाही. तीन उत्तरांत 'शांत' हे उत्तर नव्हतं.

आजींचा मुलगा आणि सून दोघंही बँकेत. वीस वर्षांपूर्वी या देशात आले, आता इथलेच झाले. आजोबा गेल्यावर आजी सांगलीहून त्यांच्याकडे आल्या. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आता चालत राहायचं, रोज, घरातल्या घरात का होईना. बसून राहिलात तर पायातली ताकद जाईल, आणि पुढच्या वेळी पडलात तर उठणं अवघड आहे.

प्रश्न दिवसाचा होता. त्यांच्या ब्लॉकच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर वृद्धांसाठी दिवसभराचं सेंटर आहे. सकाळी बस येते, व्यायाम करून घेतात, जेवण देतात, संध्याकाळी घरी सोडतात. आजी तिथे एकच दिवस जाऊन आल्या. तिथे होकियन या चिनी बोलीतली गाणी होती, माशाची पेज होती, आणि एकालाही त्यांचं बोलणं कळत नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस त्या कोणाशीच बोलल्या नाहीत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर हाच विषय चालू होता.

"ताई, मला आईला कुठे पाठवायची हौस नाही," मुलगा मला म्हणाला. "पण ती दिवसभर एकटी. चालली नाही, पाय गेले, परत पडली तर? मी मीटिंगमध्ये असणार. मला कळणार कसं?"

"मी तिथे जाणार नाही," आजी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

आणि मी, हुशार बाई, मध्ये पडले. पट्टा बांधू या, म्हटलं. ठिपका हिरवा राहिला तर आजी घरी. नाही राहिला तर सेंटर. मुलाला पटलं, आजींनी मान हलवली. त्यांचा डावा हात सलाईनच्या सुयांनी अजून काळानिळा होता, म्हणून मी पट्टा उजव्या मनगटाला बांधला. बांधताना म्हणाले, "आजी, हा मोजतो. आकडा जितका मोठा, तितकं तुमच्यासाठी चांगलं."

इतकं म्हटल्याचं मला नक्की आठवतं. काय मोजतो, तेही सांगितलं का? सांगितलंच असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावलंय. पण ते वाक्य उच्चारताना मी स्वतःला कितीही आठवून पाहिलं तरी दिसत नाही.

पहिल्या आठवड्यात आकडा आला तीन हजार, सगळ्या दिवसांचा मिळून. थोडा होता, पण ऑपरेशननंतर एवढं ठीक, म्हणून ॲपनेही हिरवा दिला. मी फोन करून आजींना आकडा सांगितला.

"तीन हजार? बरोब्बर?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोब्बर नाही, दोन हजार नऊशे नव्वद."

"म्हणजे बरोब्बरच की," त्या म्हणाल्या, आणि खूश वाटल्या. पुढच्या आठवड्यापासून आकडा चढतच गेला. दर सोमवारी मी फोन करायची आणि त्या आधी तोच प्रश्न विचारायच्या, आकडा किती. तब्येतीचं मीच विचारायची, तर म्हणायच्या, "मी रिकामी बसत नाही गं." मला भरून यायचं. ऐंशीला टेकलेली बाई कशी जिद्दीने चालतेय, असं मी नवऱ्याला सांगायची, आणि तो सोफ्यावरून न उठता हो म्हणायचा.

महिना झाला, मी भेटीला गेले. आजी खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर कापसाचा पुंजका, बाजूला स्टीलच्या डब्यात वळलेल्या वाती. डाव्या तळहातावर कापूस, त्यावरून उजवा तळहात खालीवर, खालीवर, आणि वात डब्यात. लाख वातींचा संकल्प सोडला होता त्यांनी. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं, पुन्हा स्वतःच्या पायांवर चालता यावं म्हणून. कापूस मुलगाच रविवारी लिटल इंडियातल्या दुकानातून आणून द्यायचा. एवढ्या वाती या घरात लावल्या तर छतावरचा धुराचा भोंगा अख्ख्या ब्लॉकला खाली उतरवेल, म्हणून त्या सांगलीच्या देवळात पाठवायच्या होत्या.

"आधी पाय बरे होऊ देत, मग करा की," मी म्हटलं.

"देवाला आधी द्यावं लागतं."

मी हसले आणि फोनकडे वळले, कारण पट्टा पुन्हा गप्प झाला होता. मग नेहमीची तपासणी. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते भरायचं. आजींना दोनदा जमलं, तेही हात टेकून. मी पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात म्हटलं, एवढं चालतात, पाय दुखत असतील. दोनचा आकडा भरला. ठिपका हिरवाच राहिला, कारण पावलं भरपूर होती. समोरच्या बाईपेक्षा फोनवर माझा जास्त विश्वास बसला, आणि ज्या बाईने वीस वर्षं कुठल्याही प्रोग्रॅमवर विश्वास ठेवला नाही तिचं हे असं कसं झालं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दुसऱ्या महिन्याची भेट. पट्टा फोनला सापडेना, म्हणून मी ॲपमध्ये आत आत जाऊन जोडणी तपासायचं पान उघडलं. तिथे आकडा चालू स्थितीत दिसतो, एकेक वाढताना. बाराशे सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. चला, जोडला गेला, म्हणून मी हुश्श केलं. बाराशे तीस, एकतीस. मग मी वर पाहिलं. आजी खुर्चीत बसलेल्या. पावलं चटईवर, चपला भिंतीपाशी. हात खालीवर.

"आजी, जरा थांबा."

हात थांबला. आकडा थांबला.

"आता वळा."

आकडा पळायला लागला. मी पुन्हा थांबवलं, पुन्हा चालू केलं. तीनदा करून पाहिलं, जुन्या सवयीने. दोन महिने या बाईने एक पाऊल टाकलेलं नव्हतं, बाथरूमपर्यंतचं सोडून. चालता यावं म्हणून त्या बसून होत्या. आणि मी केंद्रात सगळ्यांना त्यांचं उदाहरण देत होते.

"किती झाला?" आजींनी विचारलं.

"बाराशे चाळीस."

"म्हणजे एकशे चोवीस वाती." त्यांनी खिडकीतली छोटी वही उघडली. त्यात दर सोमवारी मी फोनवर सांगितलेले आकडे ओळीने लिहिले होते, आणि प्रत्येकाचा शेवटचा अंक खोडलेला होता. "दहाला एक पडते. पहिल्या आठवड्यात मी मोजून तीनशे वळल्या, तू तीन हजार म्हणालीस. तेव्हाच कळलं, तुझं यंत्र चांगलं आहे. मोजत बसलं की माझा हात थांबतो, मध्येच विसरायला होतं. तू बांधून दिलास ते फार बरं केलंस."

म्हणजे जे मी दोन महिन्यांत केलं नाही, ते या बाईने पहिल्याच आठवड्यात केलं होतं. यंत्र तपासून पाहिलं होतं.

"आजी, तो पावलं मोजायला होता."

"पावलं?" त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. "मग तसं सांगायचंस."

मी त्यांचा चेहरा निरखत होते. खरंच माहीत नव्हतं? की मुलाने, सुनेने, मी, सगळ्यांनी चालणं चालणं म्हणून कान किटवले होते, तरी माहीत नव्हतं? चेहऱ्यावरून काही कळेना.

"पण आकडा कमी झाला की सेंटरला जावं लागेल, हे तर ठाऊक होतं ना?"

"ते ठाऊक होतं."

"मग?"

"मग आकडा कमी होऊ दिला नाही." आणि त्यांनी पुढचा कापूस घेतला.

मी खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, येऊन दगडी बाकावर बसले. आकडा चुकीचा असेल तर ॲपमध्ये कारण निवडायचं असतं. कारणं तीन. पट्टा बिघडला, पट्टा घातला नाही, व्यक्ती घरी नाही. पट्टा ठणठणीत होता, आजींनी तो आंघोळीलासुद्धा काढला नव्हता, आणि घराबाहेर तर त्या पडल्याच नव्हत्या. मी तिन्हींवरून बोट फिरवत राहिले. काहीच निवडलं नाही तर ठिपका हिरवा राहणार, आजी आपल्या खिडकीपाशी राहणार, आणि पाय रोज थोडे थोडे जात राहणार. कुठल्या तरी दुपारी त्या उठतील आणि पडतील, आणि मुलाच्या फोनवर तेव्हाही हिरवाच दिसेल. खरं कळवलं तर उद्याच बस. मला आजींचा राग आला. मग मुलाचा आला, ज्याने काहीच वावगं केलं नव्हतं. मग माझा आला आणि तो राहिला.

केंद्रातल्या नर्सला फोन लावला. ती चिनी, माझ्याहून लहान, पण या कामात मुरलेली. मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली.

"पावलं खोटी तर खोटी लाह," ती इथल्या लकबीत म्हणाली. "ती पडली तर तुझा हिरवा ठिपका तिला उचलणार?"

मी परत वर गेले. दार उघडंच होतं. आजींना म्हटलं, पट्टा पायाला बांधायचा आहे. वाटलं, नाही म्हणतील, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणाव्यात अशीच माझी इच्छा होती. पण त्यांनी पातळाचा काठ वर केला आणि पाय पुढे केला. पोटरी किती बारीक झाली होती ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळावा लागला.

दुसऱ्या दिवशी आकडा एकशे ऐंशी. त्याच्या पुढच्या दिवशी एकशे साठ आणि लाल ठिपका. पाच मिनिटांत मुलाचा फोन.

"ताई, परवापर्यंत पाच हजार होते. पट्टा खराब झालाय का?"

हो म्हणायची सोय होती. तो स्वतःच देऊन बसला होता. मी सगळं सांगितलं, वातींसकट.

"म्हणजे दोन महिने मी ऑफिसमध्ये हिरवा रंग बघून निर्धास्त होतो," तो म्हणाला.

"मीसुद्धा."

"आणि कापूस मीच आणून देत होतो."



पुढच्या सोमवारी सकाळी सेंटरची बस आली तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. मुलगा ऑफिसला उशीर करून आईबरोबर लिफ्टमधून उतरला. आजी घडीचं पातळ नेसल्या होत्या. वॉकर धरून बसपर्यंतची वीसेक पावलं त्यांनी टाकली, प्रत्येक पावलाला थांबून. मी एकेक मोजलं. बसच्या पायरीपाशी त्यांनी मुलाच्या हातातली कापडी पिशवी घेऊन मला दिली. आत कापूस, डबा आणि वही.

"तिथे माशाच्या वासात वाती होत नाहीत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी आले की हात उचलणार नाही. एकतीस हजार झाल्यात. तूच अडवलंस, तूच पूर्ण कर."

एकोणसत्तर हजार वाती. मला आयुष्यात धड पोळी गोल करता आलेली नाही.

याला आता चार महिने झाले. आजी सेंटरला जातात. तिथे त्यांना धरून चालवतात, खुर्चीतून उठबस करून घेतात. मागच्या भेटीत हात न टेकता त्या पाचदा उठल्या. आकडा हजाराच्या पुढे गेलाय, ठिपका हिरवा आहे आणि तो खरा आहे. मुलगा म्हणतो, आई घरी बोलत नाही. सून म्हणते, बोलतात, पण कमी. ॲपमधला तो एकटं वाटण्याचा प्रश्न मी परवा पुन्हा विचारला, तर आजी म्हणाल्या, तुला हवं ते लिही. मी पुन्हा 'कधीकधी' वर बोट ठेवलं. त्या बऱ्या झाल्यात का, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते: पाय बरे झालेत.

मी दुपारी जेवण झाल्यावर वाती वळते. पहिल्या दिवशी माझ्याच मनगटावरच्या घड्याळाने मला छान फिरून आल्याबद्दल शाबासकी दिली. मी ते काढून कपाटात ठेवलं. माझ्या वाती आधी सुरवंटासारख्या व्हायच्या, आता जरा बऱ्या होतात. संपायला किती वर्षं लागतील कोण जाणे, आणि तोवर आम्हा दोघींपैकी कोण कुठे असेल, तेही.

सोमवारचा फोन चालू आहे, फक्त तो आता संध्याकाळी करते, त्या घरी आल्यावर. आपल्या पावलांचा आकडा आजी विचारत नाहीत. मी सांगितला तर ऐकून घेतात. मग त्यांची पाळी असते.

"या आठवड्यात किती?" त्यांनी काल विचारलं.

"चारशे बारा."

"तूच वळल्यास?"

"हो."

"मोजून?"

"एकेक मोजून, आजी."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "रागावू नकोस हं. मला इथून दिसत नाही, म्हणून विचारते."